समुद्राकाठच्या शहरात लेकरं घेऊन राहायला जायचं का, हे कसं ठरवायचं

माझ्या नणंदेच्या मुलाला रत्नागिरीत नोकरी लागली अन् महिनाभरापासून घरात एकच विषय चालू आहे, लेकरांना घेऊन जायचं की आधी एकट्यानं जायचं. दोन लेकरं आहेत, एक चौथीत, एक बालवाडीत. आम्ही स्वतः २०२२ ते २०२५ अशी तीन वर्षं रत्नागिरीत काढली, मिस्टरांची बदली होती, आता परत आर्णी तालुक्यात गावी आहोत, म्हणून सगळे मलाच विचारतात. भाच्याला फोनवर तुकड्या तुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते, दुसऱ्या कोणाच्या कामी पडलं तर चांगलंच. उदाहरणं रत्नागिरीची आहेत, पण अलिबागला जा नाहीतर वसईला, पाहायच्या गोष्टी बऱ्याचशा ह्याच.

पहिली गोष्ट, डिसेंबरात जाऊन ठरवू नका. आम्ही तेच केलं होतं. नाताळच्या सुट्टीत गेलो, भाट्याच्या बीचवर लेकरं खेळली, हवा मस्त, घरमालकानं दाखवलेलं घर स्वच्छ, नवीन रंग मारलेला, लगेच हो म्हणून टाकलं. जून लागला अन् तोच नवीन रंग पोपडे धरून खाली यायला लागला. पश्चिमेची भिंत पूर्ण ओली, कपाटातल्या चादरींना वास, अन् लेकीचे शाळेचे काळे बूट चार दिवस कोपऱ्यात राहिले तर त्याच्यावर हिरवी बुरशी चढली. युनिफॉर्म पंख्याखाली तीन तीन दिवस वाळत नव्हता, मी सकाळी सहा वाजता मोज्यांवर इस्त्री फिरवून त्यातली वाफ काढत बसायची. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यात वर्षभरात नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिकडे तीन हजाराच्या वर, अन् तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. हा आकडा वाचून काही समजत नाही, तिथं राहूनच समजते. सासरे एकदा जुलैत आले होते, दारात खुर्ची टाकून दिवसभर पाऊस पाहात बसले अन् संध्याकाळी म्हणाले, "सूनबाई, येवढं पाणी आपल्या कपाशीले सालभर पुरलं असतं."

म्हणून जायचं तर जुलैत जा, आठ-दहा दिवस तरी रहा, अन् लॉजवर न राहता कोणाच्या घरी किंवा भाड्याच्या खोलीत. फिरायला गेल्यासारखं नाही, रोजच्यासारखं रहा. कपडे धुवा अन् वाळवा. लेकराला घेऊन शाळेच्या वेळेला भर पावसात शाळेपर्यंत जाऊन या, रिक्षा मिळते का, रस्त्यावर पाणी किती साचते ते पहा. जुलैत जाणं जमतच नसेल तर घर पाहताना कपाटाच्या मागची भिंत पहा, पलंग सरकवून पहा, अन् वरच्या मजल्यावर जाऊन स्लॅबवर पत्र्याची शेड आहे का ते पहा. पाऊस नैऋत्येकडून येतो, झड त्याच बाजूनं मारते, त्यामुळे लेकरांची झोपायची खोली त्या बाजूला नको. खालच्या शेजाऱ्याला विचारा, घरमालकाला विचारून फायदा नाही, तो गळते असं सांगणार आहे का?

पुराचं वेगळं विचारा. समुद्र आत येईल ही भीती आपल्या लोकांना वाटते, पण खरा धोका बहुतेक वेळा नदी-खाडीचा असतो. जोराचा पाऊस अन् भरती एका वेळी आली की पाण्याला समुद्रात जायला वाट राहत नाही, ते शहरातच चढते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पाण्यानं चिपळूण बुडालं ते सगळ्यांना आठवत असेल. नदी-खाडीजवळचं घर असेल तर ते पूररेषेत येते का ते नगरपरिषदेत विचारा, निळी रेषा अन् लाल रेषा अशा दोन असतात, निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या. अन् त्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की पाणी कुठपर्यंत आलं होतं, तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. वादळांचंही तसंच, ३ जून २०२० चं निसर्ग अन् मे २०२१ चं तौक्ते, तेव्हा लाईट किती दिवस नव्हती हे विचारलं की त्या एरियाचं सगळं समजते.

एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये पाण्याची बोंब होऊ शकते हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. तिकडचा दगड जांभा, सच्छिद्र, पाणी धरत नाही, पडलेलं सगळं उतारानं समुद्रात जाते. अन् किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात खारट लागू शकते. तर घर पाहताना नळ किती दिवसाआड येतो, मे महिन्यात टँकर बोलवावा लागतो का, हे विचारूनच घ्या.

ऊन मात्र आपल्यापेक्षा बरं. आपण पंचेचाळीसमध्ये राहणारे लोक, तिकडे तेहतीस-चौतीसच्या पुढं क्वचितच जाते. पण घाम वाळत नाही, लहान्याला पहिल्या एप्रिलमध्ये पाठभर घामोळ्या आल्या होत्या. कूलर नेऊ नका, दमट हवेत त्याचा उपयोग नाही, उलट घरात अजून ओल होते, आम्ही ट्रकमध्ये नेला अन् तसाच विकला. लोखंडी पलंग, सायकल, स्कूटर, सगळ्याला गंज चढतो. ज्या लेकराला दम्याचा त्रास आहे त्याच्यासाठी तर आधी डॉक्टरशी बोला अन् मग ते जुलैतले दहा दिवस नक्की काढा, ओलीची बुरशी छातीला चांगली नाही. अजून एक म्हणजे लेप्टो. उंदराच्या लघवीनं खराब झालेल्या पाण्यातून जखमी पायानं गेलं की हा आजार होतो, कोकणात पावसाळ्यात निघतो. आपली पोरं अनवाणी हिंडतात, तिकडे ती सवय मोडावी लागते, अन् पाण्यात खेळून आल्यावर ताप आला तर घरचा उपाय करत बसायचं नाही, डॉक्टरला सांगायचं की पोरगं पाण्यातून चाललं होतं.

दवाखान्याचं तर आधीच पहा. रत्नागिरी हे नाव मोठं आहे, पण २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७६ हजार होती, आपलं यवतमाळ १ लाख १६ हजार. जिल्हा रुग्णालय आहे, आता सरकारी मेडिकल कॉलेजही झालंय, पण मोठा आजार निघाला तर लोक कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठतात. कोल्हापूरला जायचा आंबा घाट पावसात दरड कोसळून बंद पडतो कधी कधी. भाजीपालाही बराचसा त्याच घाटावरून येतो, म्हणून घाट बंद की भाजी महाग.

शाळेच्या बाबतीत मला कोकणाचं मनापासून कौतुक आहे. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं पहिला येतो, २०२४ ला दहावीचा निकाल कोकणचा ९९.०१ टक्के होता अन् आपल्या अमरावती विभागाचा ९५.५८. पण विभाग लहान आहे, मुलं कमी आहेत, तेही लक्षात ठेवा. टक्के पाहून शाळा निवडू नका, वर्गात जाऊन बसा. माझा पोरगा पहिल्या आठवड्यात बाईंना म्हणाला "मी लिहून राहिलो ना" अन् सगळा वर्ग हसला, घरी येऊन रडला. बाईंनी दुसऱ्या दिवशी त्यालाच पुढं उभं करून वऱ्हाडी शब्द सगळ्यांना शिकवायला लावले, सांबार म्हणजे कोथिंबीर हे ऐकून पोरं चकित झाली. दोन महिन्यांत तो दोन्हीकडचं बोलायला लागला. अशी बाई शाळेत आहे का हे बघा, बिल्डिंग नंतर.

समुद्राचे नियम लेकरांना पहिल्या दिवसापासून शिकवायचे, अन् त्याच्या आधी स्वतः शिकायचे कारण आपण विहीर-तलाववाले लोक. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, काल पाच वाजता जिथं बसलो तिथं आज पाणी असू शकते. ओहोटीत खडकावर दूर जायचं नाही, परतीची वाट बुडते. पाण्यानं आत ओढलं तर किनाऱ्याकडे सरळ ताकद लावायची नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं. गणपतीपुळ्याचा समुद्र खवळलेला असतो, तिथं बाहेरगावचे लोक बुडाल्याच्या बातम्या सारख्या येतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, ज्या पाण्यात कोळी उतरत नाही त्यात आपण लेकरू कशाला उतरवायचं?

खाण्याचं थोडक्यात सांगते, मासे खाणाऱ्याची चंगळ आहे, माळकरी घराला भाजी महाग पडते अन् ज्वारी शोधावी लागते. तूरडाळ अन् ज्वारी गावाकडून पोत्यानं नेऊ नका, पावसाळ्यात सगळ्याला सोंडे लागतात, थोडं थोडं न्या. घर विकत घ्यायची घाई पहिली दोन वर्षं करूच नका. जमीन घ्यायची झाली तर आपला इकडचा सातबारा शेतकरी म्हणून तिकडेही चालतो, पण कोकणातल्या सातबाऱ्यावर वीस-वीस हिस्सेदार असतात अन् अर्धे मुंबईत, सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

आता अंतराचं, अन् हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते. आर्णीहून निघणारा रस्ता तोच नागपूर-रत्नागिरी महामार्ग आहे, नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर करत साडेसातशे किलोमीटरच्या आसपास. ऐकायला सरळ वाटते. सासरे बांधावर पडले, खुब्याचं हाड मोडलं, फोन रात्री नऊला आला अन् आम्ही घरी पोचलो तिसऱ्या दिवशी पहाटे, कारण घाट बंद होता अन् पुण्याहून फिरून यावं लागलं. तोपर्यंत शेजारच्या लोकांनी त्यांना यवतमाळला नेऊन भरती केलं होतं, खाटेवरून त्यांनी पहिलं विचारलं ते लेकरं जेवली का म्हणून.

तर जायच्या आधी एक कागद करा. आई-वडिलांना रात्री काही झालं तर पहिला कोण पोचणार, गाडी कोणाची, पैसे कोणाकडे ठेवलेत, डॉक्टर कोणता, सगळं नावानिशी लिहा अन् त्या माणसांना विचारून लिहा. एक प्रत म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी. भाच्यानं परवा असा कागद केला, पहिलं नाव माझं आहे, नणंदेचं घर आमच्यापासून गाडीनं वीस मिनिटं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तो बायको-लेकरांना घेऊन दहा दिवस रत्नागिरीला राहून येणार आहे, शाळेचे बूट सोबत घेऊन जा म्हणून मी सांगितलंय.