मॉनिटरचा दिवा लुकलुकतो, पडदा काळाच : माझा अनुभव

जुना १९ इंची एलसीडी मॉनिटर. बटण दाबलं की दिवा लुकलुकायचा, आतून बारीक टिक-टिक, पडदा काळा. केबल बदलली, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडला, फरक शून्य. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतला दुरुस्तीवाला म्हणाला, "बोर्ड गेला, नवीनच घ्या." डोकंच फिरलं.

लुकलुक आणि टिक-टिक एकत्र असेल तर आधी पॉवर सप्लायवर, म्हणजे मॉनिटरला आतून वीज पुरवणाऱ्या बोर्डवर, संशय घ्या. तो सुरू होतो, लोड (वीज ओढणारा भार) येताच बसतो, पुन्हा धडपडतो.

प्लग काढून स्टँड आणि स्क्रू सोडवले. कव्हरच्या फटीत जुनं एटीएम कार्ड सरकवत गेलो की खाचा सुटतात. आता जपून: पॉवर बोर्डवरच्या मोठ्या ४५० व्होल्टच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा डबीसारखा भाग) प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज उरू शकतो. इन्सुलेटेड वायरी जोडलेला १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर (विजेला रोध करणारा भाग) चार्ज उतरवायला त्याच्या दोन्ही पायांना काही सेकंद धरला, मग मल्टिमीटरने शून्य आल्याची खात्री केली. पेचकसाने शॉर्ट करणारे महाभाग असतात. तसं करू नका.

आउटपुटच्या बाजूचे १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचे कपॅसिटर डोक्यावर फुगले होते. शाहूपुरीतून तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, पण २५ व्होल्ट, १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे, लो ईएसआर (आतला रोध कमी) असे आणले. जुन्यांची उंची आणि जाडी मोजून न्या, नाहीतर कव्हर बसत नाही. काढण्याआधी फोटो घेतला, कारण कपॅसिटरवरच्या पट्टीची बाजू म्हणजे निगेटिव्ह. उलटा लागला तर फुटतो. नवे कपॅसिटर बसवून डाग (सोल्डर) दिला, जादा पाय कापले, कव्हर लावलं, प्लग घातला. दिवा स्थिर, पडदा उजळला. नाद खुळा!

त्या ओळीतले न फुगलेलेही बदला. वरून ठणठणीत दिसणारा कपॅसिटरही आतून गेलेला असू शकतो.