घरातल्या सरावासाठी पहिला गिटार अ‍ॅम्प कसा निवडावा

अ‍ॅम्प दुकानात जोरात वाजवून पसंत केला जातो आणि घरी हळू वाजवावा लागतो. पहिल्या अ‍ॅम्पबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या तफावतीत असतं. दुकानात भरदार वाटलेला आवाज घरी चपटा लागतो, नाहीतर नॉब जरा हलवला की एकदम अंगावर येतो. म्हणून घरासाठी अ‍ॅम्प बघताना वॅटच्या आकड्याआधी एक गोष्ट तपासायची: मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाजाचा नॉब) जेमतेम उघडल्यावर तो कसा वाजतो.

वॅटचा हिशेब

१२ इंची गिटार स्पीकरला १ वॅट दिला, की एक मीटरवर साधारण ९७ ते १०० डेसिबल आवाज निघतो. दोन माणसांचं नेहमीचं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. वॅट दहापट कमी केले की १० डेसिबल उतरतात. म्हणजे ०.१ वॅटला सुमारे ९० आणि ०.०१ वॅटला सुमारे ८०. घरात दार लावून, शेजारून कुणी भिंत ठोकणार नाही अशा बेताने वाजवताना तुम्ही या शेवटच्या आकड्यापाशी किंवा त्याच्याही खाली असता. अ‍ॅम्पवर ५ लिहिलेलं असो की ५०, खर्ची पडतो तो एका वॅटचा शंभरावा भाग.

वॅट दुप्पट केले तर वाढतात ते फक्त ३ डेसिबल. आवाज ‘दुप्पट’ झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजेच दहापट वॅट लागतात. त्यामुळे २० वॅटचा घ्यावा की ४० चा, यावर डोकं शिणवण्यात अर्थ नाही. जादा वॅट कामाला येतात ते ड्रम्सच्या शेजारी उभं राहून क्लीन (स्वच्छ) आवाज न फाटता ऐकवायला. बँडची वेळ येईल तेव्हा त्याचं बघता येतं.

ट्यूब अ‍ॅम्पचं, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या अ‍ॅम्पचं, गणित मात्र वेगळं. तिथे आवाजातली गोडी बरीचशी पॉवर ट्यूबवर ताण आल्यावर येते आणि तो ताण यायला व्हॉल्यूम वाढवावाच लागतो. फेंडर ब्लूज ज्युनिअर फक्त १५ वॅटचा आहे, पण १२ इंची स्पीकरमधून तो ताणून वाजवला तर राहत्या खोलीत बसवत नाही. ५ वॅटचा, अगदी १ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्पही पूर्ण उघडला तर घरातल्या बाकीच्यांना टीव्ही बंद करावा लागेल. शिवाय ट्यूब झिजतात, अ‍ॅम्प जड असतो, आणि स्पीकर जोडलेला नसताना तो चालू करून वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. पहिल्या खरेदीत या वाटेला न गेलेलं बरं.

मग कोणता घ्यावा

घरासाठी खरी निवड दोनच प्रकारांत आहे.

साधा सॉलिड स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा) अ‍ॅम्प: १० ते २० वॅट, ८ इंची स्पीकर, एक क्लीन आणि एक डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटलेल्या आवाजाचा) चॅनल, बास-मिडल-ट्रेबलचे नॉब, जमलं तर रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट). चालू केला की वाजवायला लागायचं. ज्यांना मेनू दिसला की सराव बाजूला ठेवून त्यातच तासभर रमायची सवय आहे, त्यांच्यासाठी हाच उत्तम. त्याची कमकुवत बाजू म्हणजे स्वस्तातला डिस्टॉर्शन चॅनल. गेन (आवाज किती फाटावा हे ठरवणारा नॉब) निम्म्यापुढे गेला की आवाज डासाच्या गुणगुणीसारखा बारीक आणि कर्कश होतो. तो चॅनल न आवडल्यास क्लीन चॅनलसमोर एखादं ओव्हरड्राइव्ह पेडल (आवाज हलकेच फाडणारा, पायाने चालवायचा डबा) लावून काम भागतं, म्हणून अशा अ‍ॅम्पचा क्लीन आवाज चांगला असणं जास्त महत्त्वाचं.

मॉडेलिंग अ‍ॅम्प: आत डिजिटल प्रोसेसर असतो आणि तो वेगवेगळ्या अ‍ॅम्पचा ताणलेला आवाज हळू व्हॉल्यूमवरही उभा करतो. घरात वाजवणाऱ्यासाठी हा फार मोठा फायदा आहे. बॉस कटाना ५० वर ५०, २५ आणि अर्धा वॅट अशी निवड करता येते. यामाहाचा टीएचआर १० तर टेबलावर ठेवून वाजवायलाच बनवलेला आहे, त्यात ८ सेंटिमीटरचे दोन स्पीकर आहेत. मॉडेलिंग अ‍ॅम्प घेताना ‘अमुक इतके इफेक्ट्स’ या आकड्याला भुलू नका. पहिल्या महिन्यानंतर बहुतेकजण चार-पाच आवाजांच्या पलीकडे जात नाहीत. गेन, व्हॉल्यूम आणि टोनचे नॉब अंगावरच आहेत ना, की प्रत्येक गोष्टीसाठी फोन उघडावा लागतो, हे बघा. अ‍ॅपशिवाय चालवताच येत नाही असा अ‍ॅम्प टाळलेला बरा. अ‍ॅपला अपडेट मिळणं थांबलं की चांगला चालणारा अ‍ॅम्पही लंगडा होतो.

कुठल्याही एकाकडे बोट दाखवायचं तर नवशिक्याने मॉडेलिंगच घ्यावा. आपल्याला कुठला आवाज आवडतो हे अजून ठरलेलं नसतं आणि ते ठरवायला निरनिराळे आवाज वाजवून बघावेच लागतात.

स्पीकर

सहाव्या तारेचा मोकळा ई सूर ८२ हर्ट्झचा असतो. ३-४ इंची स्पीकर इतका खालचा सूर नीट हलवू शकत नाही, पण कान वरच्या हार्मोनिक्सवरून (मूळ सुरासोबत वाजणाऱ्या वरच्या सुरांवरून) मूळ सूर ओळखतो, त्यामुळे हळू आवाजात ही उणीव फारशी टोचत नाही. टोचते ती व्हॉल्यूम वाढवल्यावर. पट्ट्याला अडकवायचे बॅटरीवरचे छोटे अ‍ॅम्प गेन लावून ताणले की खालच्या तारांवरचे कॉर्ड चिखल होतात. ते प्रवासाला ठीक. रोजच्या सरावाचा एकुलता एक अ‍ॅम्प म्हणून नको. टेबलावरच्या दोन छोट्या स्पीकरच्या अ‍ॅम्पमध्ये प्रोसेसर हा दोष बराच झाकतो, शिवाय त्यांवर गाणीही चांगली वाजतात. एकच स्पीकर असेल तर ८ इंच ही खालची मर्यादा धरा. १२ इंची स्पीकर हळू आवाजातही जास्त भरीव लागतो, फक्त खोका मोठा आणि जड होतो.

हेडफोनचं भोक

रात्री वाजवणाऱ्याला अ‍ॅम्पचा निम्मा वापर इथूनच करायचा असतो, पण दुकानात हे तपासायचं हमखास राहून जातं. गिटारचा स्पीकर ५-६ हजार हर्ट्झच्या वरचा आवाज जवळपास गाळूनच टाकतो. हेडफोन तो गाळत नाही. म्हणून डिस्टॉर्शनचा सिग्नल सरळ हेडफोनमध्ये गेला की तेल तडतडल्यासारखा आवाज येतो. चांगल्या अ‍ॅम्पमध्ये हेडफोनच्या वाटेवर कॅबिनेटचा (स्पीकर आणि त्याच्या खोक्याचा) परिणाम घडवणारं सर्किट असतं. ते आहे का हे माहितीपत्रकात बघा आणि तरीही स्वतःचा वायरवाला हेडफोन लावून ऐका. जॅक ३.५ मिलिमीटरचा की ६.३५ चा, हेही बघून ठेवा.

ब्लूटूथ हेडफोनवर गिटार वाजवता येत नाही. तार छेडल्यापासून आवाज कानात पोचेपर्यंत साधारण ०.२ सेकंदाचा उशीर होतो, म्हणजे अ‍ॅम्प जवळपास ७० मीटर लांब ठेवून वाजवल्यासारखं. अ‍ॅम्पमधला ब्लूटूथ वेगळ्या कामाचा: फोनवरचं गाणं अ‍ॅम्पमधून लावून त्यासोबत वाजवायला तो छान. तो नसेल तर ऑक्स इन (फोन वायरने जोडायचा जॅक) हवाच. यूएसबीने संगणकात रेकॉर्डिंग होत असेल तर वेगळा ऑडिओ इंटरफेस (गिटार संगणकाला जोडणारं उपकरण) घ्यायचा खर्च वाचतो. इफेक्ट्स लूप (अ‍ॅम्पच्या सर्किटमध्ये मधेच पेडल जोडायची सोय) मात्र पहिल्या अ‍ॅम्पला नसला तरी अडत नाही.

आणखी एक: ट्यूब अ‍ॅम्पच्या मागच्या ‘स्पीकर’ लिहिलेल्या जॅकमध्ये हेडफोन कधीही खुपसू नका. हेडफोन जातो, कान जाऊ शकतात आणि अ‍ॅम्पही.

दुकानात काय तपासायचं

स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल घेऊन जा. दुकानातल्या महागड्या गिटारवर सगळेच अ‍ॅम्प चांगले वाटतात. मग या क्रमाने:

१. सगळे टोन नॉब मध्यावर, रिव्हर्ब आणि इफेक्ट्स बंद, गेन कमी. मास्टर शून्यावरून अगदी सावकाश वर आणा. काही अ‍ॅम्पमध्ये शून्य आणि एक यांच्यामध्येच आवाज उडी मारतो. तसं झालं तर घरात हवा तो आवाज नॉबच्या केसभर फिरण्यात अडकतो आणि रोज वैताग येतो. पहिल्या पाव फेरीत आवाज हळूहळू वाढला पाहिजे.

२. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल इतकाच व्हॉल्यूम ठेवा आणि पुढची सगळी तपासणी त्याच व्हॉल्यूमवर करा. विक्रेता नॉब फिरवायला लागला तर नम्रपणे थांबवा.

३. मोकळे कॉर्ड, मग सहाव्या तारेवर एकेक फ्रेट वर जात जाड सूर वाजवा. कुठल्या तरी एका सुरावर खोका खडखडला तर स्क्रू, जाळी किंवा स्पीकर सैल आहे.

४. गेन वाढवा आणि मग गिटारचा व्हॉल्यूम नॉब निम्म्यावर आणा. चांगल्या अ‍ॅम्पचा आवाज स्वच्छ होत जातो; वाईटाचा नुसता बारीक आणि घुसमटलेला होतो.

५. वाजवणं थांबवा, तारांवर हात ठेवा आणि ऐका. थोडी सळसळ चालेल. पंख्यासारखी मोठी घरघर आली तर गिटार काढून पुन्हा ऐका. तरीही राहिली तर दोष अ‍ॅम्पचा किंवा तिथल्या वायरिंगचा.

६. हेडफोन लावा. स्पीकर आपोआप बंद होतो का, क्लीन आणि डिस्टॉर्शन दोन्ही ऐकवतात का, कमीत कमी व्हॉल्यूमवर सळसळ त्रास देते का.

दोन अ‍ॅम्पची तुलना करताना दोघांचा आवाज कानाला सारखा करून घ्या. जरासा मोठा वाजणारा नेहमीच ‘चांगला’ वाटतो.

घरी आणल्यावर

गिटार स्पीकरचा ट्रेबल समोर सरळ रेषेत जातो. अ‍ॅम्प जमिनीवर पायाशी ठेवला तर ट्रेबल गुडघ्यांना ऐकू येतो, तुम्ही तो वाढवत राहता आणि समोर बसलेल्याचे कान किटतात. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करून त्याचं तोंड कानाकडे करा. कोपऱ्यात ठेवला तर बास फुगतो. खालच्या मजल्यावर जाते ती मुख्यतः फरशीतून उतरणारी घुमघुम, त्यामुळे खाली जाड फोम घातला तर शेजाऱ्यांच्या तक्रारी कमी होतात.

हळू आवाजात कानाला बास आणि ट्रेबल दोन्ही कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये ते मोजून दाखवलं. म्हणून घरी ते थोडे वाढवा आणि मिडल मध्यावरच राहू द्या. मिडल शून्यावर नेलं तर एकट्याने वाजवताना झकास वाटतं, पण फोनवरच्या गाण्यासोबत गिटार गायब होते. घरच्या व्हॉल्यूमवर जुळवलेला आवाज जोरात वाजवताना टोन पुन्हा लावावा लागतो. गेनही वाटतं त्याहून कमी ठेवा, कारण जास्त गेनखाली बोटांच्या चुका झाकल्या जातात आणि घरघर वाढते.

घरघरीबद्दल थोडं. सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं टिपणारं एकाच वेटोळ्याचं चुंबक) असलेली गिटार संगणक, चार्जर किंवा डिमरच्या दिव्याजवळ गुणगुणणारच. बसल्या जागी हळूहळू वळून बघा, एका दिशेला ती जवळपास थांबते. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होणं सामान्य आहे, कारण तारा ब्रिजमार्फत अर्थला जोडलेल्या असतात. पण हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच बंद करून आधी घरातलं अर्थिंग तपासून घ्या. घरघर जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बिघाड झाला तर वीज तारांमधून हातात येते.

केबल ३ मीटरची पुरे, फार लांब केबलमध्ये ट्रेबल गळतो. गिटार ते अ‍ॅम्प जोडणीला शील्ड असलेली इन्स्ट्रुमेंट केबलच वापरा. स्पीकर केबल दिसायला तशीच असते, पण ती इथे लावली तर घरघर येते.

कानांसाठी मर्यादा अशी: ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९४ ला उरतो १ तास. हेडफोनवर हा आकडा नकळत गाठला जातो.

जुना घेताना

जुना सॉलिड स्टेट अ‍ॅम्प हा चांगला सौदा असतो. नॉब फिरवताना येणारी खरखर बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते, तिला घाबरू नका, पण किंमत पाडायला ती वापरा. केबलचा जॅक हलवल्यावर आवाज जात-येत असेल तर सॉकेट सैल किंवा त्याचा सांधा सुटलेला आहे, दुरुस्ती छोटीच. स्पीकरचा कोन फाटलेला, आत जळका वास, किंवा २० मिनिटं तापल्यावर आवाज बसतो, यांपैकी काही आढळलं तर सोडून द्या. म्हणून किमान अर्धा तास चालू ठेवूनच बघा. मागच्या पट्टीवर किती व्होल्ट लिहिलंय हेही वाचा. १२० व्होल्टचा परदेशी अ‍ॅम्प २३० वर सरळ लावला तर पहिल्याच दिवशी धूर निघतो, आणि त्यासाठीचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्यावा लागतो.