मुंबई ते न्यूयॉर्क: विमानप्रवासाचे तास मोजताना या चुका टाळा

मुलं अमेरिकेत आणि आईबाबा पहिल्यांदाच एकटे निघालेत, असं आता कितीतरी घरांत असतं. तिकीट हाती आलं की पहिला प्रश्न येतो, "किती तासांचा प्रवास?" हिशोब तिथूनच चुकायला लागतो.

सगळ्यांत महागात पडते ती तारखेची चूक. मुंबईहून अमेरिकेला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१५ तारीख, ००:४५' असेल, तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री नऊ-साडेनऊलाच पोहोचायचं असतं. १५च्या रात्री गेलात, तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल. पुण्या-नाशिकहून गाडी ठरवताना ड्रायव्हरला "पंधराची फ्लाइट आहे" असं सांगूच नका. "चौदाला दुपारी निघायचं" एवढंच सांगा.

दुसरी चूक म्हणजे तिकिटावरच्या वेळांची सरळ वजाबाकी. दोन्ही वेळा त्या त्या शहरातल्या असतात. समजा, विमान रात्री २ वाजता सुटून त्याच दिवशी सकाळी ७:३० ला न्यूयॉर्कला उतरतंय. प्रवास साडेपाच तासांचा नाही, उन्हाळ्यात १५ तासांचा आहे, कारण न्यूयॉर्क तेव्हा आपल्या साडेनऊ तास मागे असतं. हिवाळ्यात हा फरक साडेदहा तासांचा होतो. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे करतात. आईबाबांपैकी कुणी इन्सुलिन किंवा रक्तदाबाची गोळी घेत असेल, तर डॉक्टरांना प्रवासाचे खरे तास सांगून डोसच्या वेळा आधीच लिहून घ्या. याबाबत अंदाजावर राहू नका.

आता अंतर. सपाट नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेघ सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळची वाट उत्तरेकडे वळून आइसलंडवरून जाते आणि ती सुमारे १२,५०० किलोमीटरच आहे. त्याला ताशी ९०० ने भागलं की चौदा तास येतात, पण विमान तेवढ्यात पोहोचेलच असं नाही. पश्चिमेकडे जाताना उंचावरचे जोरदार वारे समोरून येतात, म्हणून परतीचा प्रवास बहुधा लवकर होतो. शिवाय २०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. त्यामुळे कंपनी बदलली की वाट बदलते आणि तासही बदलतात. जुन्या प्रवासाचा आकडा धरून बसू नका.

आणि 'डायरेक्ट' म्हणजे 'नॉनस्टॉप' नव्हे. डायरेक्ट विमान मध्ये कुठे उतरूही शकतं, फ्लाइट नंबर तोच राहतो. ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर मागण्याआधी मध्ये थांबा आहे का, आणि तिथे विमानातून उतरावं लागतं का, हे विचारून घ्या.