लाकडी ठशात पाऊस कसा उतरवावा

जपानी ठसाचित्रकार कावासे हासुई यांचं टोकियोतल्या शिबा भागातल्या झोजोजी मंदिराचं 1925 सालचं लाकडी ठशांनी छापलेलं चित्र मोठं करून पाहा. लाल दरवाजासमोरून एक बाई बर्फातून चालली आहे. वारा कुठेच काढलेला नाही, पण तिने छत्री जिकडे कलवली आहे तिकडून तो येतोय हे लगेच कळतं. जमिनीवरचा बर्फ म्हणजे तर रंग न लावलेला कागद! आपला पाऊसही असाच, रंगाविना काढायचा आहे.

पोस्टकार्डाएवढं रेखाटन करा: रात्र, रस्ता, छत्रीवाला माणूस. दोन ठसे लागतील, आकाशाला निळा आणि माणसाला काळा. जपानी कारागीर चेरीचं लाकूड वापरतात, शिकायला गुळगुळीत प्लायवूड चालेल. दोन्ही ठशांवर नेमक्या त्याच जागी केंटो, म्हणजे कागद टेकवायच्या खाचा, करून घ्या. त्या चुकल्या तर रंग सरकलेच.

आता पाऊस. निळ्या ठशावर व्ही आकाराच्या पटाशीने बारीक तिरप्या चरी कोरा. चरीत रंग पोहोचत नाही, म्हणून तिथे कागद पांढरा राहतो. पट्टी लावू नका. रेघा कमीजास्त लांबीच्या, मध्येच तुटलेल्या असू द्या. सारख्या रेघांचा पाऊस जाळीसारखा दिसतो. छाप उलटी उमटते हे विसरू नका. ठशावर उजवीकडे झुकलेली सर कागदावर डावीकडे झुकते, आणि छत्री तिच्याशी जुळली नाही तर सगळं चित्रच खोटं वाटतं.

छापण्याआधी हातकागद किंचित ओलसर करून ठेवा. रात्रीचं आकाश वर गडद, खाली फिकट हवं. या छटेला बोकाशी म्हणतात. ठसा ओल्या फडक्याने पुसा, फक्त वरच्या कडेला पाण्यात कालवलेला रंग आणि थोडी तांदळाची खळ ठेवा. ब्रश आडवा फिरवत खाली या, पाणी रंगाला आपोआप विरवतं. कागद खाचांत टेकवून पाठीमागून बारेनने, म्हणजे हातात धरायच्या चपट्या गोल गादीने, घासा. बारेन नसेल तर लाकडी चमच्याची पाठ घ्या. पहिल्या पाचसहा छापा बिघडतील, त्यासाठी जास्तीचे कागद ओलवून ठेवा. निळा उमटला की काळा.

हात बसला की दुसरे जपानी ठसाचित्रकार योशिदा हिरोशी यांची 1926 ची शिडाच्या होड्यांची मालिका पाहा. ठसे तेच, फक्त रंग बदलून त्यांनी सकाळ, धुकं, रात्र छापली आहे. तुमच्या निळ्या ठशावर करडा रंग लावून पहाटेचा पाऊस छापून बघा.