कॅन्सरच्या पेशंटची बिडी सोडवताना

कॅन्सर हॉस्पिटलात तंबाखू सोडवण्याच्या ओपीडीत मी समुपदेशक आहे. खुर्चीत टेकायच्या आतच बरेच जण म्हणतात, ‘व्हायचं ते झालं, आता सोडून काय उपयोग?’ याचं उत्तर आधी द्यायचं, बाकी सगळं नंतर. धूर चालू असला की रक्तातून ऑक्सिजन कमी पोचतो, रेडिएशन नीट लागू पडत नाही, ऑपरेशनची जखम रेंगाळते. फुप्फुसाच्या कॅन्सरवरचं एर्लोटिनिब हे औषध तर ओढणाऱ्यांच्या शरीरातून लवकर निघून जातं. बिडी थांबली की एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. म्हणजे ऑपरेशन परवावर आलं असलं तरी आज सोडण्यात अर्थ आहे.

घरच्यांना मी थोडा वेळ बाहेर बसवते. मुलगा शेजारी उभा राहून ‘किती वेळा सांगितलं होतं’ म्हणाला, की वडील खोटं बोलायला लागतात. एकटे असले की विचारायचं, ‘काका, पहिली बिडी कधी? चहाच्या आधी की नंतर?’ उठल्यावर अर्ध्या तासात पेटत असेल तर नुसत्या निर्धारावर भागत नाही, औषधाची जोड लागते.

निकोटीनची गोळी, म्हणजे ती च्युइंगगम, लोक पानासारखी चघळत बसतात आणि मग उचक्या नि मळमळ घेऊन येतात. ती सावकाश चावायची. तिखटसर झिणझिणी आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची, झिणझिणी गेली की परत चावायची, अर्ध्या तासाने थुंकायची. त्याआधी पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असेपर्यंत चहा नाही! तोंडात जखमा असतील किंवा तोंडच उघडत नसेल तर गमच्या नादी लागू नका. त्वचेवर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्टीचं डॉक्टरांना विचारा. तलफ कमी करणारी बुप्रोपिऑनची गोळी कुणी सुचवली, तर पूर्वी फिट आली होती किंवा आजार मेंदूत गेलाय हे आधी सांगा.

‘बिडीशिवाय पोट साफ होत नाही’ ही तक्रार हसण्यावारी नेऊ नका. सोडल्यावर खरंच काही दिवस बद्धकोष्ठ होतं, त्यात मॉर्फिन चालू असेल तर विचारूच नका. डॉक्टरांकडून रेचक लिहून घ्या, सकाळी कोमट पाणी द्या. नाहीतर तिसऱ्या दिवशी काका संडासात काडेपेटी घेऊन जाणार. बायकांच्या बाबतीत मिश्रीबद्दल मुद्दाम विचारा. तिला तंबाखू म्हणून कुणी मोजतच नाही.

तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढ्यात घोटभर पाणी, वॉर्डात एक फेरी, नाहीतर १८००-११-२३५६ या मोफत क्विटलाइनला, म्हणजे तंबाखू सोडवायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनला, फोन.

मध्येच एखादी ओढली तर आरडाओरडा नको. कुठे आणि कुणाबरोबर, एवढंच विचारा. आमच्याकडे उत्तर बहुधा गेटबाहेरची चहाची टपरी असतं, केमोचा नंबर लागायची वाट बघताना. मग थर्मासमधून घरचा चहा आणा आणि काकांना आतच बसवा.