एकाच फाईलमधून तीन क्लाउडसाठी मशीन इमेज कशी बनवायची

हाताने सर्व्हर उभा करायचा, लॉगिन करून पॅकेजेस टाकायची, सेटिंग्ज बदलायची आणि मग त्याची इमेज (नवीन सर्व्हर उभे करण्यासाठी डिस्कची तयार प्रत) काढून ठेवायची, ही पद्धत एका क्लाउडवर कशीबशी निभावते. एडब्ल्यूएस (ॲमेझॉनचा क्लाउड), अझ्युअर (मायक्रोसॉफ्टचा) आणि गूगल क्लाउड तिन्ही वापरात असले की इमेजमध्ये हळूहळू फरक पडत जातो आणि कुठल्या इमेजमध्ये काय आहे हे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे इमेज बनवण्याची कृती फाईलमध्ये लिहून ठेवायची आणि काम टूलकडे सोपवायचं. २०१३ साली आलेलं हॅशिकॉर्पचं पॅकर हेच करतं: क्लाउडवर तात्पुरतं मशीन चालू करतं, एसएसएचने (दूरच्या मशीनमध्ये सुरक्षित लॉगिन करण्याच्या पद्धतीने) आत जाऊन तुमच्या स्क्रिप्ट चालवतं, डिस्कची इमेज बनवतं आणि मशीन काढून टाकतं.

पायरी १: परवानग्या

पॅकरसाठी प्रत्येक क्लाउडवर वेगळं खातं किंवा रोल बनवा आणि मशीन चालू-बंद करणं, इमेज तयार करणं यांसारख्या कामांपुरतेच अधिकार द्या. पासवर्ड किंवा की टेम्प्लेटमध्ये (इमेजची कृती लिहिलेल्या फाईलमध्ये) लिहू नका. त्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून येऊ द्या.

पायरी २: टेम्प्लेट

टेम्प्लेट एचसीएल या हॅशिकॉर्पच्या कॉन्फिगरेशन भाषेत लिहा. जुन्या लेखांत जेसन दिसेल, पण नवीन काम त्यात सुरू करण्यात अर्थ नाही. आधी लागणारे प्लगइन आणि त्यांच्या आवृत्त्या नोंदवा. मग प्रत्येक क्लाउडसाठी एक सोर्स ब्लॉक (कुठल्या मूळ इमेजवरून मशीन चालू करायचं ते सांगणारा) आणि शेवटी तिन्ही सोर्स एकत्र घेणारा एक बिल्ड ब्लॉक.

एडब्ल्यूएसच्या सोर्समध्ये मूळ इमेजचा आयडी थेट लिहू नका. तो प्रत्येक रीजनमध्ये वेगळा असतो आणि नवीन आवृत्ती आली की बदलतो. नावाचा फिल्टर लावून सर्वांत ताजी इमेज घ्या, पण त्यासोबत मालकाचा खाते क्रमांक द्यायलाच हवा. तो नसेल तर तसंच नाव देऊन कुणीही सार्वजनिक केलेली इमेज तुमच्या बिल्डचा पाया बनू शकते.

नाव देताना गूगलचा नियम सगळीकडे पाळा: छोटी अक्षरं, अंक आणि हायफन, जास्तीत जास्त ६३ अक्षरं. टाइमस्टॅम्प जसाच्या तसा जोडला तर त्यातल्या कोलनमुळे नाव नाकारलं जातं, म्हणून फॉरमॅटडेट फंक्शनने तारीख-वेळ फक्त अंकांत आणा.

पायरी ३: स्क्रिप्ट

उबंटूसारखी सिस्टिम असेल तर पहिल्याच ओळीत क्लाउड-इनिटचं (मशीन पहिल्यांदा सुरू होताना त्याची मांडणी करणाऱ्या प्रोग्रॅमचं) काम संपेपर्यंत थांबा. नाहीतर ते आणि तुमची स्क्रिप्ट एकाच वेळी पॅकेजेस हाताळायला जातात आणि बिल्ड कधी पास होतो, कधी लॉकची एरर देऊन पडतो. असा अधूनमधून पडणारा बिल्ड शोधायला फार त्रासदायक असतो. सामाईक स्क्रिप्ट तिन्ही क्लाउडवर चालू द्या. एखादीच फक्त एका क्लाउडसाठी असेल तर टेम्प्लेटमध्ये तिला ‘ओन्ली’ लावा, म्हणजे ती तेवढ्याच सोर्सवर चालेल.

पायरी ४: साफसफाई

याच पायरीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, आणि माझ्या मते इमेजचा दर्जा इथेच ठरतो. एसएसएचच्या होस्ट की काढून टाका. नाहीतर त्या इमेजमधून उठलेल्या प्रत्येक सर्व्हरची ओळख एकच राहील. मशीन-आयडीची फाईल रिकामी करा. ती तशीच राहिली तर काही नेटवर्कवर दोन सर्व्हर डीएचसीपीकडे (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे) एकाच ओळखीने जातात आणि आयपीची भांडणं सुरू होतात. क्लाउड-इनिटची जुनी स्थितीही पुसा, म्हणजे नवीन मशीनवर ते पहिल्यापासून चालेल. पॅकरने आत जाण्यासाठी वापरलेली तात्पुरती पब्लिक की ऑथराइज्ड कीजमध्ये उरते, तीही काढा.

अझ्युअरवर एक पायरी वाढते. तिथे शेवटच्या स्क्रिप्टमध्ये लिनक्स एजंटचा डीप्रोव्हिजन (मशीनची स्वतःची माहिती पुसणारा) आदेश द्यावा लागतो, विंडोजवर सिसप्रेप. त्यानंतर काहीही चालवू नका.

आणि बिल्डच्या वेळी डिस्कवर गुपित ठेवून ते नंतर डिलीट करणं पुरेसं नाही. स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची प्रत, ब्लॉक पातळीवर घेतला जातो, त्यामुळे पुसलेली फाईलही परत मिळू शकते. गुपितं सर्व्हर सुरू होताना सीक्रेट मॅनेजरमधून घ्या.

पायरी ५: चालवणं

क्रम असा: पॅकर इनिट, पॅकर व्हॅलिडेट, पॅकर बिल्ड. तिन्ही क्लाउडचे बिल्ड समांतर चालतात. एखादा अडला तर ‘ऑन-एरर’ला ‘आस्क’ द्या. मशीन लगेच नष्ट होत नाही आणि आत जाऊन बघता येतं. हाताने एकदा नीट चालला की हाच क्रम सीआयमध्ये (अशी कामं आपोआप चालवणाऱ्या सिस्टिममध्ये) टाका, टेम्प्लेट बदलल्यावर आणि सिक्युरिटी अपडेटसाठी ठरावीक दिवशी चालेल असा. मॅनिफेस्ट पोस्ट-प्रोसेसर लावला की तयार इमेजचे आयडी एका फाईलमध्ये मिळतात. टेराफॉर्मला (फाईलमधून सर्व्हर उभे करणाऱ्या हॅशिकॉर्पच्याच टूलला) तेच द्या.

पायरी ६: चाचणी आणि जुन्या इमेज

बिल्ड पास झाला म्हणजे इमेज बरोबर आहे असं नाही. तिच्यावरून दोन मशीन चालू करा, सर्व्हिसेस उठल्यात का बघा आणि दोघांच्या होस्ट की व मशीन-आयडी वेगळे आहेत ना ते तपासा. मगच ती वापरात आणा.

जुन्या इमेज किती ठेवायच्या ते ठरवून उरलेल्या काढण्याचं कामही सीआयकडेच द्या. एडब्ल्यूएसवर एएमआयची (तिथल्या मशीन इमेजची) नोंद रद्द केली तरी मागचे स्नॅपशॉट आपोआप जात नाहीत आणि त्यांचं बिल चालूच राहतं, म्हणून तेही त्याच स्क्रिप्टमध्ये काढा. मात्र आधी त्या इमेजचा आयडी एखाद्या ऑटोस्केलिंग ग्रुपच्या (गरजेनुसार सर्व्हर आपोआप वाढवणाऱ्या गटाच्या) लॉंच टेम्प्लेटमध्ये नाही ना, हे बघून घ्या.