पार थ्री: झेंडा सोडा, आधी ग्रीन कसं पसरलंय ते बघा

गोल्फमध्ये पार थ्रीवर (तीन शॉटमध्ये संपवायचं होल) आपल्याकडे होतं काय, की टीवर (पहिला शॉट मारायची जागा) पोचलो, अंतर मोजायचा लेझर ग्रीनवरच्या (होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ) झेंड्यावर लावला, आकडा आला १४२ यार्ड, माझा सात नंबरचा क्लब १४५ जातो, चला मग सात नंबर, आणि बॉल पुढच्या बंकरात, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. दर रविवारी सकाळी कुठल्याही कोर्सवर कुठल्याही पार थ्रीजवळ थोडा वेळ उभे राहा, हेच दिसेल. स्विंग बऱ्याचदा ठीकच असतो, गडबड झालेली असते ती त्याच्या आधी, बॅगेतून क्लब काढतानाच. म्हणून हे सविस्तर लिहितोय, खास करून ज्यांचं हँडिकॅप (पारपेक्षा साधारण किती शॉट जास्त लागतात तो आकडा) १५ ते २८ च्या आसपास आहे त्यांच्यासाठी.

पहिली गोष्ट, तुमचं सात नंबर खरंच १४५ जातं का? बहुतेकांना जो आकडा पाठ असतो तो त्यांच्या सगळ्यात भारी बसलेल्या शॉटचा असतो, आणि त्यात जमिनीवर पडल्यावर घरंगळलेले यार्डही धरलेले असतात. पार थ्रीला लागते ती कॅरी, म्हणजे बॉल हवेतून जाऊन जिथे पडतो तिथपर्यंतचं अंतर. बंकर आणि पाणी हवेतूनच ओलांडायचं असतं ना. रेंजवर जाऊन एका क्लबने दहा-बारा बॉल मारा, सगळ्यात लांबचे दोन आणि सगळ्यात फसलेले दोन सोडून द्या, उरलेले कुठे पडतात ते बघा, तो तुमचा खरा आकडा. रेंजचे बॉल जुने झिजलेले असतील तर ते थोडे कमी जातात हे लक्षात ठेवा, पण तरीही हा आकडा मनातल्या आकड्यापेक्षा जास्त कामाचा आहे.

दुसरी गोष्ट, एक आकडा घेऊन भागत नाही, तीन लागतात: ग्रीनची पुढची कड, मधला भाग, मागची कड. झेंड्याचा आकडा चौथा. बऱ्याच कोर्सवर झेंड्याच्या रंगावरून पिन (झेंड्याची काठी) पुढे आहे की मागे ते कळतं, पण रंगांची पद्धत जागोजागी वेगळी असते त्यामुळे कॅडीला (बॅग सांभाळणारा मदतनीस) विचारून घ्या. आणि टीवर जी पाटी असते तिच्यावरचं अंतर त्या पक्क्या जागेपासून मोजलेलं असतं, त्या दिवशीचे मार्कर (टीच्या खुणा) पुढे-मागे सरकवलेले असू शकतात, म्हणजे दहा यार्डांचा फरक तिथेच पडला, एक अख्खा क्लब गेला.

आता हिशोब करू. समजा पुढची कड १३६, मध्य १५०, मागची कड १६४, आणि झेंडा १४२ वर, बरोबर बंकरच्या मागे. तुमचं सात नंबर मस्त बसलं तर १४५, नेहमीसारखं बसलं तर १३८, जरा फसलं तर १३०. सहा नंबर मस्त बसलं तर १५५, नेहमीचं १४८, फसलं तर १४०. सात घेतलंत तर तीनातला फक्त एक शॉट निवांत ग्रीनवर आहे, दुसरा जेमतेम कड ओलांडतो आणि तिसरा सरळ वाळूत. सहा घेतलंत तर तिन्ही ग्रीनवर. फरक एवढाच की सगळ्यात भारी शॉट झेंड्याच्या १३ यार्ड मागे थांबेल आणि लांबचा पट (ग्रीनवर बॉल घरंगळवत मारायचा शॉट) मारावा लागेल. मारा ना लांबचा पट! पीजीए टूरवरचे (अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धामालिका) लोकसुद्धा दीडशे यार्डांवरून सरासरी पंचवीस-तीस फुटांवर बॉल टाकतात, रोज टीव्हीवर दिसतात ते निवडक शॉट. मग आपल्याला चाळीस फुटांचा पट आला तर ते अपयश नाहीये, तो चांगला शॉट आहे.

म्हणजे क्लब निवडायचा तो आपल्या चांगल्या शॉटसाठी नाही, आपल्या चुकणाऱ्या शॉटसाठी. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे, बाकी जे खाली लिहितोय ते त्याचाच विस्तार.

आणि चूक फक्त लांब-आखूड होत नाही, ती तिरकी होते, हे फार कमी लोकांच्या लक्षात आलेलं असतं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल उजवीकडे गेला (पुश म्हणा, स्लाइस म्हणा) की क्लबचा फेस (बॉलला लागणारी बाजू) उघडा राहिलेला असतो, लॉफ्ट (फेसचा मागे झुकलेला कोन) वाढतो, बॉल वर जातो आणि आखूड पडतो. डावीकडे ओढला गेला की फेस बंद, लॉफ्ट कमी, बॉल लांब पळतो. म्हणजे आपले सगळे शॉट नकाशावर मांडले तर त्यांचा पट्टा तिरका निघतो, एक टोक पुढे (म्हणजे टीच्या बाजूला) उजवीकडे, दुसरं टोक मागे डावीकडे. डावखुऱ्यांचं नेमकं उलटं.

आता हे घेऊन मास्टर्स स्पर्धा जिथे होते त्या अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलच्या बाराव्या होलकडे बघा, ज्याला गोल्डन बेल म्हणतात. १५५ यार्ड फक्त, प्रो लोकांना आठ किंवा नऊ नंबर. पण ग्रीन अतिशय उथळ, पुढे रेज क्रीकचं पाणी, मागे बंकर आणि झाडी, आणि ग्रीन पसरलंय ते डावीकडे पुढे आणि उजवीकडे मागे असं. म्हणजे उजव्या हाताच्या खेळाडूच्या चुकीच्या बरोबर उलट्या दिशेने! मास्टर्सच्या रविवारी पिन उजव्या बाजूला असते, तिच्यावर नेम धरला आणि बॉल जरासा उजवीकडे गेला की तो आखूड पडतो आणि उतारावरून पाण्यात, डावीकडे ओढला की मागे बंकरात. २०१९ च्या शेवटच्या दिवशी हेच झालं, कोपका आणि पोल्टर पुढच्या ग्रुपमध्ये पाण्यात, मग शेवटच्या ग्रुपमधले मोलिनारी आणि फिनाऊ पण पाण्यात. मोलिनारी तेव्हा दोन शॉटने पुढे होता. टायगर वुड्सने त्याच टीवरून नऊ नंबरने पुढच्या बंकरच्या वरून ग्रीनच्या मध्याकडे डावीकडे मारला, झेंड्यापासून चांगला लांब, दोन पट, पार. मोलिनारीचा डबल बोगी (पारपेक्षा दोन जास्त) झाला आणि दोघे बरोबरीत आले, पुढे टायगर एका शॉटने मास्टर्स जिंकला. आणि त्याच टायगरचा २०२० मध्ये त्याच होलवर दहाचा स्कोअर झाला, तीन बॉल पाण्यात. जॉर्डन स्पीथ २०१६ मध्ये बॅक नाइन (शेवटची नऊ होल) सुरू करताना पाच शॉटने पुढे होता आणि इथे सात करून बसला. एवढ्या मोठ्या खेळाडूंचं जिथे असं होतं तिथे आपण झेंड्यावर नेम धरणं म्हणजे काय ते समजून घ्या.

आपल्या कोर्सवर याचा उपयोग असा. टीवर उभं राहिल्यावर आधी ग्रीन कुठल्या बाजूला तिरकं पसरलंय ते बघायचं. उजव्या हाताचे असाल आणि ग्रीन उजवीकडे पुढे, डावीकडे मागे असं असेल तर ते तुमच्या पट्ट्याशी जुळतं, तिथे पिनच्या थोडं जवळ जायला हरकत नाही. उलट असेल तर मुकाट्याने मध्यावर नेम. आणि झेंडा अगदी कडेला, बंकरला चिकटून असेल तर त्या बाजूला चुकायचं नाही म्हणजे नाही, कारण तिथून चिप (ग्रीनबाहेरून मारायचा छोटा शॉट) करायला हिरवळच उरत नाही. दुसऱ्या बाजूला चुकलात तर निदान वीस-पंचवीस यार्ड ग्रीन समोर असतं.

वाऱ्याचं बोलू. गवताची काडी उडवून बघतात सगळे, पण त्याने टीवरचा वारा कळतो, बॉल जिथे सगळ्यात उंच असेल तिथला नाही. ग्रीनमागच्या झाडांचे शेंडे बघा, झेंडा बघा, शेजारच्या ग्रीनचा झेंडा दिसत असेल तर तोही बघा, ऑगस्टावर प्रो लोक अकराव्याचा झेंडा बघतात ते यासाठीच. खारघरसारख्या डोंगरांमधल्या कोर्सवर हे जास्तच लागू, टीवर पान हलत नाही आणि वर वारा वाहत असतो. अंदाजासाठी, ताशी सोळाएक किलोमीटरचा समोरचा वारा साधारण दहा टक्के अंतर खातो आणि तेवढाच मागचा वारा पाचएक टक्केच देतो. समोरून वारा असेल तर जोर लावू नका, जोराने मारला की स्पिन वाढतो, बॉल वर फुगतो आणि जागीच पडतो. एक किंवा दोन क्लब जास्त घ्या, ग्रिप इंचभर खाली धरा आणि पाऊण स्विंग.

चढ-उताराचं सोपं आहे, ग्रीन दहा यार्ड खाली असेल तर साधारण दहा यार्ड कमी धरा, वर असेल तर दहा जास्त. पुण्यात लवळ्याच्या ऑक्सफर्डसारख्या डोंगरी कोर्सवर हे केल्याशिवाय चालतच नाही. रेंजफाइंडरचा (अंतर मोजायचा लेझर) स्लोप मोड (चढ-उतार धरून अंतर सांगणारा) सरावाला वापरा, स्पर्धेत बंद. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा पुण्यात फार फरक नाही, साडेपाचशे मीटरला दोनएक टक्के म्हणजे दीडशेला तीन यार्ड, पण गुलमर्गला खेळायला गेलात तर तिथे चक्क एक-दीड क्लब कमी लागतो. डिसेंबरात पहाटे गारठ्यात बॉल थोडा कमी जातो. पावसाळ्यात ग्रीन मऊ, बॉल पडला तिथेच बसतो, त्यामुळे कॅरी अजून थोडी जास्त घ्या, आणि प्रत्येक शॉटआधी क्लबचा फेस टॉवेलने कोरडा करा कारण ग्रूव्हमध्ये (फेसवरच्या खाचा) पाणी असलं की स्पिन मिळत नाही. मे महिन्यात ग्रीन टणक असतात तेव्हा उलटं, पुढच्या कडेवर टप्पा घेऊन बॉल आत जाऊ दे.

टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) नक्की लावा. काही जण आयर्न आहे म्हणून बॉल गवतावर ठेवून मारतात, का कोण जाणे, नियमाने फुकट मिळालेली चांगली लाय (बॉल बसलाय ती जागा) सोडायची कशाला? बॉल गवताच्या जेमतेम वर दिसेल एवढीच टी ठेवा. मार्करच्या मागे दोन क्लब-लांबीपर्यंत बॉल कुठेही लावता येतो, तेव्हा दोन क्लबच्या मध्ये अडकला असाल तर दीड-दोन यार्ड मागे जाता येतं आणि सपाट जागाही शोधता येते. पाणी उजवीकडे असेल तर उजव्या मार्करजवळ टी लावा आणि पाण्यापासून लांब, डावीकडे नेम धरा.

लांब पार थ्री, १९०-२०० च्या वरचे, तिथे ग्रीन गाठायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय? १९५९ च्या यूएस ओपनमध्ये विंग्ड फूट कोर्सवर बिली कॅस्परने तिसऱ्या होलवर, दोनशे यार्डांच्या वरचा पार थ्री, चारही दिवस मुद्दाम ग्रीनच्या अलीकडे मारला, चिप आणि पट, चारही दिवस पार, आणि स्पर्धा एका शॉटने जिंकला. आपल्याला तर तिथे हँडिकॅपचा शॉट मिळत असेल तर बोगी (पारपेक्षा एक जास्त) म्हणजे नेट पार, स्टेबलफोर्डमध्ये (पॉइंट मोजायची पद्धत) दोन पॉइंट. मग पाण्यावरून थ्री वूड उचलून मारायची कसली घाई. हायब्रिडने ग्रीनच्या तोंडाशी मोकळ्या जागेत टाका.

कॅडीचं ऐका, पण त्याला तुमचा खरा आकडा माहीत असू दे, नाहीतर तो मघाशी मारलेल्या साहेबांवरून अंदाज लावतो. स्पर्धेत दुसऱ्या खेळाडूला कुठला क्लब मारलास विचारलं तर स्ट्रोक प्लेला (एकूण शॉट मोजायचा खेळ) दोन शॉटचा दंड आहे, अंतर विचारलेलं चालतं, स्वतःच्या कॅडीला किंवा पार्टनरला काहीही विचारा.

आणि गेलाच पाण्यात, तर लगेच पुढचा बॉल आपटू नका. पाण्याभोवती पिवळे खुंट असतील तर परत टीवरून किंवा बॉल जिथून आत गेला तिथून झेंड्याच्या सरळ रेषेत मागे, लाल असतील तर शिवाय बाजूला दोन क्लब-लांबीत ड्रॉप मिळतो. मागे जाण्याचा पर्याय असेल तर पाण्याच्या अगदी काठावर टाकू नका, तिथून अर्धवट वेज (जवळच्या शॉटचा क्लब) मारावा लागतो आणि तोच परत पाण्यात जातो. तुमचा पूर्ण वेज ७० जात असेल तर ७० यार्डांपर्यंत मागे या, तिथे ड्रॉप करा, आणि तेव्हाही नेम ग्रीनच्या मध्यावरच.